साडूभाऊंची एकमेव चूक

माणसांना आपापल्या जागी बसवण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा नागपुरात दुसरा कोणी नाही. बातम्यांतली विशेषणं खोडण्यात उभी नोकरी घालवलेला उपसंपादक हे विधान पूर्ण जबाबदारीने करतो आहे. साडूभाऊंचा धंदा दुकानांत आणि ऑफिसांत टेलिफोन यंत्रणा बसवण्याचा. हल्लीचे हे फोन संगणकासारखे जाळ्यावर चालतात आणि प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता लागतो; त्याला सगळे आयपी म्हणतात. यंत्र हे पत्ते आपोआप वाटू शकतं, पण साडूभाऊंना ते मंजूर नाही. "मशीनले काय माहीत, कोणाचं कोणाशी पटत नाही ते," असं म्हणून ते प्रत्येक फोनचा आयपी आपल्या हाताने घालतात, तोही लग्नातल्या पंगतीच्या रीतीने. आधी मालक, शेजारी त्याचा जुना विश्वासू माणूस, मग बाकीचे. ज्यांचं वाकडं आहे ते लांब लांब. आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात फोन लावायला आले तेव्हा त्यांनी कुठल्याही वायरीला हात न लावता आधी चहा पीत सगळा मजला न्याहाळला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्या संपादकाचं अन् जाहिरातवाल्याचं बोलणं बंद आहे वाटते?" वृत्त खरं होतं. ते छापायची कोणाची हिंमत नव्हती, एवढंच.

मनीषनगरच्या त्यांच्या घरातही हाच कारभार. चपलांची जागा ठरलेली, उशांची ठरलेली, पाहुण्याच्या पेल्याचीही. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत कोणी बसू लागलं की ते शांतपणे म्हणतात, "ती रिझर्व्ह आहे." कोणासाठी, हे सांगत नाहीत. "एक दिवस मलेबी आयपी चिकटवतीन हे," असं आमची मेहुणी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, तर पेपरातून डोकं न काढता उत्तर आलं, "तुले तं पहिलाच देल्ला होता."

त्यांच्या लेखी जगात एकच महापाप: दोन फोनना एकच आयपी देणं. मग ते दोघे एकमेकांना ढकलत बसतात. एक चालू झाला की दुसरा मुका. "एका खुर्चीवर दोन सरपंच," असं ते म्हणतात. काम संपल्यावर प्रत्येक फोन स्वतः उचलून, "बोला" म्हणून खात्री केल्याशिवाय ते पायात चप्पल घालत नाहीत. तरीही हेच पाप त्यांच्या हातून घडलं, तेही आमच्या नागपुरातल्या जरीपटक्याच्या भर बाजारात.

तिथे दोन भावांचं टाइल्सचं दुकान आहे. वडील गेल्यावर भावांचं बिनसलं, दुकानात मधोमध प्लायवूड उभं राहिलं आणि बोलणं थांबलं. दसऱ्यानंतर प्लायवूडच्या जागी पक्की भिंत घालायची ठरली. विटाही दारात येऊन पडल्या. फक्त टेलिफोनचा नंबर वडिलांच्या काळचा, सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ, त्यामुळे तो कोणीच सोडेना. म्हणून यंत्रणा एकच ठेवून दोन्ही काउंटरना नवे फोन लावायला साडूभाऊंना बोलावलं. त्यांनी चहा घेतला, विटांकडे बराच वेळ पाहिलं आणि फोन लावून दिले.

आठवड्याने न्हाणीघराच्या टाइल्स पाहायला मी तिथे गेलो. धाकट्याने फोन उचलला, तो मुका. त्याने प्लायवूडवर थाप मारली. "दादा, बंद कर गा तुझा. गिऱ्हाईक लटकून राहिलं इकडे."

"तूच कर बंद. सकाळपासून तुझाच चालू आहे," पलीकडून आवाज आला.

"मले हौस आहे काय तुझ्याशी बोलाची?"

"मंग काहून बोलून राहिला?" मग पलीकडूनच पुन्हा, "कामठीवाल्याचा फोन होता तुझ्यासाठी. पांढऱ्या पाहिजे म्हणे त्याले. अन् जेवला काय तू?"

मी दोन्ही काउंटरवर जाऊन फोनच्या पडद्यांवरचे आकडे वाचले. ते तंतोतंत सारखे होते. साडूभाऊ दर आठवड्याला येत, "फोन जोडणारा स्विच गडबड करून राहिला," म्हणत, दोन्हीकडचा चहा घेऊन जात. दसरा आला, गेला. मग एक दिवस थोरल्याने गवंड्याला सांगून त्या विटांचा दारात ओटा बांधून घेतला. दुपारी दोघे भाऊ तिथेच डबा खातात. ओट्याचं सिमेंट वाळायच्या आत फोन दुरुस्त झाले होते.

"चूक झाली," मी विचारल्यावर साडूभाऊ म्हणाले. "माणसाच्या हातून होते."

"तुमच्या हातून?"

ते उठून एक उशी तिच्या ठरलेल्या जागी ठेवू लागले. त्यामुळे या वृत्ताला अधिकृत दुजोरा मिळालेला नाही. मला ठाऊक आहे ते इतकंच: त्यांचे थोरले भाऊ मनीषनगरच्या याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत. कसल्याशा वादानंतर दोघांनी जिन्यात भिंत घातली, आणि थोरले गेल्याचं साडूभाऊंना शेजाऱ्याकडून कळलं. भिंत नंतर पाडली. वरच्या रिकाम्या खोलीतला फोन अजून चालू असतो. त्याचा आयपी साडूभाऊंच्या फोनच्या लगतचा.

गेल्या रविवारी बोलता बोलता मी चुकून वेताच्या खुर्चीत बसलो आणि लगेच उठू लागलो. साडूभाऊंनी हाताने थांबवलं.

"बसा," ते म्हणाले. "वरून फोन आला तं उठजा."