होड्यांच्या रंगाचं चॅपल

दगडावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मासे साफ करायच्या सुरीने मी अर्धा तास खरवडत होते. सरकारी ऑफिसातला साहेब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. मागे गावच्या सहा बायका आणि फादर उभे. रंगाचा शेवटचा थर निघाला आणि खाली निघाला साधा काळा दगड. ना आकडा, ना अक्षर, टाकीचा एक घाव नाही.

साहेब म्हणाला, "आजी, साल कुठंय?"

मी म्हटलं, "कालपर्यंत होतं."

गोराईच्या खाडीला लागून आमचं गाव. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. मोठं देऊळ गावात आहे, पोर्तुगीजांच्या वेळचं. त्याचे कागद फादरांच्या कपाटात. हे चॅपल मात्र धक्क्याजवळचं. आत दहा माणसं मावतात, अकरावं बाहेर उभं राहतं. सासू सांगायची, प्लेगात माणसं पटापट मेली तेव्हा उरलेल्यांनी तिथं लाकडी क्रूस रोवला. लाकूड खाऱ्या वाऱ्याने कुजलं म्हणून दगडी केला. मग पावसात प्रार्थनेला भिजायला होतं म्हणून वर कौलं घातली, भिंती घातल्या, आत माऊलीची मूर्ती आणली. सगळं केलं कोळ्यांनी, त्यामुळे कागद कुणीच केला नाही.

धक्क्याचा रस्ता रुंद करायचा ठरला आणि चॅपल आलं मधे. साहेब सांगून गेला, जुनं असल्याचा पुरावा द्या, रस्ता वळवून घेऊ. नसेल तर मूर्ती मोठ्या देवळात न्या, हे पाडावं लागेल. फादर म्हणाले, प्रार्थना करू. मी म्हटलं, करा, पण पायाच्या दगडावर साल कोरलंय ते आधी दाखवू. माझ्या डोळ्यांनी बघितलंय, असंही म्हटलं. बघितलं नव्हतं. सासू म्हणायची. सासूनेही बघितलं नसणार, पण ती कुठलीही गोष्ट अशा आवाजात सांगायची की विचारायची कुणाची छाती नव्हती.

दगड कुणाला दिसत नव्हता त्याला कारण होतं. दरवर्षी सणाआधी एका घराची पाळी असते, त्यांनी चॅपल रंगवायचं. रंग विकत कोण आणतो? होडी रंगवून जो उरतो तोच भिंतीला आणि दगडाला. आणि जुना रंग खरवडायचा नाही, माऊलीला चालत नाही म्हणतात. चालत नव्हतं ते आमच्या पुरुषांना. खरवडायला कंबर वाकवावी लागते.

तर साल नाही म्हटल्यावर साहेबाने पेनाला टोपण लावलं. फादर आकाशाकडे बघायला लागले. माझी मोठी जाऊ तेवढ्यात खाली बसली आणि मी काढलेला रंगाचा तुकडा उचलून बघायला लागली. तुकडा भाकरीएवढा जाड.

ती म्हणाली, "हा हिरवा आमचे होरीचा हाय."

शेजारीण म्हणाली, "तुमची होरी कवा हिरवी होती गो? तुमची निळी. हिरवी आमची."

"निळी नंतर केली. तुझे लग्नाचे आधी हिरवी होती. तू कशी बघशील?"

झालं. सहाच्या सहा बायका त्या तुकड्यावर तुटून पडल्या. हा पिवळा कुणाचा, तो लाल कुणाच्या सासऱ्याचा, कुणी पाळी चुकवली, कुणी रंगात रॉकेल घालून पुरवला. चॅपल पाडणार आहेत हे सगळ्या विसरल्या. साहेब नाही विसरला. त्याने विचारलं, कुठला रंग कुठल्या होडीचा ते नक्की सांगता येईल का? जावेने त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने विचारलंय की स्वतःची पोरं ओळखता येतात का.

मग त्याने विचारलं, "होड्यांचे कागद आहेत?"

होड्यांचे कागद नसतील तर डिझेल कोण देणार? बायका घरी पळाल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आल्या. आजेसासऱ्यांपासूनचे कागद, काही वाळवीने खाल्लेले, पण होडी, मालक, साल, सगळं त्यावर. साहेब पायरीवर बसला. भिंग काढलं. वरून एकेक थर मोजत, कागद लावत तो खाली उतरत गेला. पाळीचा क्रम सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे काम भराभर चाललं. एका थराला अडलं. गुलाबी.

गुलाबी होडी गावात कुणाची नव्हती म्हणे. माझ्याकडे बघत सगळ्यांनी हात वर केले. साहेब म्हणाला, मधला एक थर लागत नसेल तर खालच्यांचा हिशोब मी कसा धरू?

तो गुलाबी आमचा होता. माझ्या नवऱ्याने बोरिवलीहून स्वस्तात मिळाला म्हणून आणला होता. होडीला लावला तर खलाशी चढेनात. आठ दिवसांत होडीवर काळा फासला, पण तोवर चॅपल रंगवून झालं होतं. वर्षभर ते लग्नाच्या मिठाईसारखं दिसत होतं. मी तेव्हा गावभर सांगितलं होतं की फादरांनीच मागितला.

मी म्हटलं, "आमचा तो. लिहा."

बायका अशा हसल्या की फादरही खाली बघायला लागले.

भिंतीवर तेलरंगाच्या खाली शिंपल्यांच्या चुन्याचे थर निघाले, बोटभर. त्याला कागद नव्हते, पण साहेब म्हणाला, एवढा चुना एका पिढीचा नाही. तुकडा त्याने पाकिटात घालून नेला. पावसाळा संपल्यावर पत्र आलं. रस्ता आता चॅपलला वळसा घालून जातो आणि रिक्षावाले त्या वळणावर आम्हाला शिव्या घालतात.

त्या दिवशी दगडापाशी आम्ही सात बायका होतो. चौघींना मोठ्या देवळामागे पुरलंय. शेजारीण मुलाकडे वसईला असते. थर ओळखायला गावात आता मी आहे आणि जाऊ आहे.