बाहेरची हवा

नरडाण्याच्या स्टेशनापलीकडच्या त्या गावात भागाबाईचं घर विचारलं, तर लोक सांगत, "खिडक्या बंद दिसतील ते." संध्याकाळी ऊन उतरलं की सगळं गाव दारं-खिडक्या सताड उघडून ओट्यावर येऊन बसे, आणि ही बाई आत फटींमध्ये चिंध्या कोंबत असे. बाई प्रेमळ होती, कामाला वाघीण होती. पण एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढणं तिला ठाऊकच नव्हतं.

कारणही तसंच होतं. तिचा नवरा उखर्डू एका फाल्गुनात गेला. भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायची इकडची रीत. त्या वर्षीही मधली खोली छताला टेकेल इतकी भरली होती. कापूस घरात आला की उखर्डूला शिंका लागत आणि छाती वाजू लागे. वाऱ्यानेच त्याला बाधतंय, असं भागाबाईचं ठाम मत. म्हणून तिने खिडक्या लावल्या, आणि मातीच्या धाब्यावर चढून त्या खोलीचं सानंही, म्हणजे धुराला नि उजेडाला छतात ठेवलेलं भोक, फरशीने झाकून टाकलं. शेवटच्या दिवशी तो कापसाला टेकून बसला होता. श्वास शिट्टीसारखा वाजत होता, शब्द फुटत नव्हता. त्याने नुसतं बोट वर केलं. जमलेल्या बायकांनी हात जोडले, म्हणाल्या, देव दिसला त्यांना! भागाबाईने घाईघाईने त्याच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं.

"बाहेरनी हवा लागनी त्यासले," असं मागाहून भगताने सांगितलं. खेड्यात बाहेरचं म्हणजे काय ते कुणाला समजावावं लागत नाही. भूत हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नाही, नुसतं बाहेरचं म्हणतात. त्याच दिवशी भागाबाईने सान्यावरच्या फरशीच्या कडा चिखलाने लिंपून घेतल्या.

पुढे नातीला, मोहिनीला, तेच सुरू झालं. सकाळी उठल्यापासून शिंका, डोळ्यांना धार, छातीत घरघर. सून नूतन तिला धुळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, भागाबाईही बरोबर गेली. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि म्हणाले, "कापूस घरात ठेवू नका. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, बाहेरची हवा आत येऊ द्या."

भागाबाईच्या अंगावर काटा आला. शिकलेला माणूस, आणि बाहेरचीला घरात बोलवा म्हणतो! घरी येताच ती सुनेला म्हणाली, "मी जित्ती शे तवलोंग खिडकी उघडू देनार नही." नूतनने डोक्याला हात लावला. मुलगा कारखान्यातल्या पाळ्यांनी दमलेला. तो म्हणाला, कापूस विकला की बघू.

त्यानंतर दुपारच्या वेळी कापसाच्या खोलीतून श्वास ऐकू येऊ लागला.

तीच बारीक शिट्टी, तीच मध्येच अडकणारी. भागाबाई दाराला कान लावून उभी राही. एकदा तिने दार किलकिलं केलं, तर आत कुणी नव्हतं. ढिगात मात्र माणूस टेकून बसावं तसा खड्डा पडलेला, अगदी त्याच जागी. तिने हाताने कापूस सारखा केला. दुसऱ्या दिवशी खड्डा परत होता. तिने उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि कुणाला काही बोलली नाही. ती फार घाबरली होती, आणि खरं सांगायचं तर थोडी सुखावलीही होती.

एका दुपारी नूतन दळण आणायला गेली असताना शिट्टी फारच चढली. भागाबाईने धीर करून दार लोटलं. खड्ड्यात मोहिनी बसली होती. मऊ म्हणून पोर लपूनछपून तिथे निजायला येत असावी. ओठ निळसर, डोळे मोठे झालेले, आणि तिच्या एवढ्याशा छातीतून उखर्डूचा श्वास वाजत होता.

"मोहिनी! काय व्हयनं, माय?"

पोरीला शब्द फुटेना. तिने नुसतं बोट वर केलं.

भागाबाईने वर पाहिलं. वर देव नव्हता. लिंपलेलं सानं होतं.

तिने पोरीला उचललं आणि ओट्यावर, वाऱ्यात आणून बसवलं. ज्या हवेपासून इतकी वर्षं जपलं तिच्यातच. पंप तोंडाला लावला, शेजाऱ्यांना हाका मारल्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत श्वास मोकळा होऊ लागला होता.

कापूस त्याच आठवड्यात विकला गेला. खोली रिकामी झाल्यावर भागाबाईने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः पहार घेऊन तिने खालून फरशी उचकटली. ऊन सरळ खाली पडलं आणि कोपऱ्यात राहिलेल्या कापसाच्या तुसांची एक रांग हळूहळू वर चढत त्या भोकातून निघून गेली. खिडक्या तेव्हापासून उघड्याच असतात.

मोहिनी आता बरी आहे. पण बोटाचं विचारलं की ती गोंधळते. "मी कोठे बोट कयं, मोठमाय? मी तं झोपेल व्हतू," असं म्हणते.

भागाबाई तिला पुन्हा विचारत नाही. दुपारी घर शांत झालं की ती त्या खोलीत सान्याखाली जाऊन बसते आणि भिंतीकडे बघून हलक्या आवाजात म्हणते, "उघडं शे हो आते."