साड्यांचं कुंपण

बसप्पाला धड झोप लागून एकवीस दिवस झाले होते. बेंबळीच्या शिवारात, ओढ्याकाठी त्याची तीन एकर मका उभी होती. कणसं दुधात आलेली, म्हणजे रानडुकरांना आयतं ताट. पासष्टीचा माणूस रात्रभर डबा बडवत बसायचा आणि सकाळी गुडघे धरत घरी यायचा. बायकोनं, शिवम्मानं, पेरणीलाच बजावलं होतं, "ही मका घरात आली तर पुढच्या सालाचं बघू. न्हाय आली तर धाराशिवला विरेशकडं जायचं. लई झालं आता."

विरेश मुलगा गुणाचा होता, पण त्याच्या दोन खोल्या बसप्पाच्या अंगावर यायच्या. जन्म मातीत गेला, आता फरशीवर बसून काय करायचं?

फटाके झाले, डुकरांच्या नाकात जावेत म्हणून न्हाव्याकडचे केस बांधावर पसरून झाले. शेवटी चार जण करतात तेच त्यानंही केलं. घरोघरच्या जुन्या साड्या मागून आणल्या आणि शेताला चारी बाजूंनी ताणून बांधल्या. हलत्या कापडाला डुक्कर बुजतं. वीतभर फट ठेवली नाही. तरी रोज धाटं आडवी होतच राहिली, आणि बांधावर बाहेरून आल्याचा माग एकही नाही.

आज उजाडल्यावर तो वैतागून मकेत शिरला. मधोमध धाटं मोडून रचलेला ढीग होता. त्यात डुकरीण, आणि पोटाशी पट्ट्यापट्ट्यांची पाच पिलं. ती उठली, फुसफुसली, पण पिलांपुढून हलली नाही.

बसप्पा मागच्या पावली बांधावर आला. साड्या बांधल्या तेव्हाच ती आत होती. आधी शेतात हाकारा घालावा, एवढंही सुचलं नव्हतं. आपणच तिला कोंडलं आणि वर रात्र रात्र जागून तिचीच राखण केली. स्वतःच्या अकलेची त्याला लाज वाटली.

त्यानं ओढ्याकडच्या साड्या सोडल्या आणि लांब लिंबाखाली जाऊन बसला. दुपारी डुकरीण कडेला आली, ओढ्याकडं बघत उभी राहिली आणि माघारी फिरली. जाणार कुठं? ओढ्याकाठची बाभळी-घाणेरीची जाळी बसप्पानंच गेल्या उन्हाळ्यात जेसीबी लावून उपटली होती. अर्धा एकर वाढेल म्हणून.

शिवम्मा भाकरी घेऊन आली. सगळं ऐकून म्हणाली, "गावातली पोरं बोलवा की. कुत्री सोडली की जाईल पळून."

"ती जाईल. पिलं फाडतील कुत्री."

"आन् मका?"

"गेली मका. विरेशला फोन कर. येतो म्हणाव."

इतकी वर्षं मागं लागलेली शिवम्मा भाकरीचं फडकं सोडत खाली बसली. मग तिनं विचारलं, "कवा जायचं?"

"तिची पिलं पळाया लागली की," बसप्पा म्हणाला. "तवर कुणीतरी राखाया पायजे."