नावेची बॅटरी
परवा अंबडला बॅटरीच्या दुकानात ॲसिडचा उग्र वास आला आणि शहागडची आमची शेजारीण काकू आठवली. गोदावरीवर इंजिनाची नाव चालवणारा तिचा नवरा हिवाळ्यात वारला. नाव काठावर ओढून ठेवली. लोक विका म्हणत होते, पण काकूनं वायरी सोडून बॅटरी घरी आणली आणि दर महिन्याला माझ्याकडून चार्ज करून घेतली. "काकू, नाव चालवणार कोण?" मी विचारलं. "मीच. तुझे काका दरसाल असंच करायचे, बॅटरी बिलकुल उतरू द्यायचे न्हाई." नदीला पाणी आल्यावर तिनं किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच सुरू झालं. तो आवाज ऐकून, इतके महिने न रडलेली काकू हुंदके देऊ लागली. मी काठावरच उभा राहिलो. आज वाटतं, नावेत जाऊन तिच्याजवळ बसायला हवं होतं.