एका बाजूने कोरा रुपया

आमच्याकडची चुकलेली नाणी सगळी मिळून तंबाखूच्या एका डबीत मावतात. किस्से मात्र मावत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि ऐकणारा घड्याळ बघायला लागतो. बघू दे. मी आयुष्यभर एसटीत कंडक्टर होतो, घड्याळ बघणाऱ्यांना भीत नाही.

मंडळ आमचं तिघांचं. मालवण बाजारात अण्णांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुपारी सगळा बाजार जेवून आडवा झाला की तिथे अर्ध्या शटरखाली आम्ही बसायचो. भिंग लावलेले अण्णा, शाळेत विज्ञान शिकवणारे परब सर आणि मी. टांकसाळीत छापताना चुकलेली नाणी रोजच्या चिल्लरीतून शोधायची, एवढाच उद्योग. लोक आम्हाला रिकामटेकडे म्हणत. म्हणोत.

*

पहिलं नाणं मला बांद्याच्या गाडीत सापडलं. ओळखायची रीत सोपी आहे. नाण्यावरचा आकडा सरळ धरायचा आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं उलटायचं. मागचा सिंह ताठ उभा दिसला पाहिजे. माझ्या हातातला सिंह चक्क कुशीवर झोपला होता. छापच फिरलेला!

मी खिशातला रुपया तिकिटांच्या पैशांच्या पिशवीत टाकला, त्याच्या बदल्यात हा चुकलेला उचलला आणि तिथेच उलटसुलट करून बघत बसलो. गाडी थांब्यावर उभी. प्रवासी चढून बसलेले. शेवटी ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "काय झाला रे?"

"सिंह निजलो आसा," मी म्हटलं.

"निजलो तर निजांदे. तू घंटा मार मेल्या."

*

तेव्हा कोकण रेल्वे नवी होती. कोणाला तरी सुचलं, रुळावर रुपया ठेवून चेपला की तो 'चुकीचा' होतो आणि अण्णांकडे त्याचे पैसे मिळतात. कुडाळकडचा एक गृहस्थ अशी चेपलेली पाच नाणी रुमालात बांधून घेऊन आला.

अण्णांनी भिंगातून एकदाच बघितलं. "ही चूक टांकसाळीची नाय. तुझी आसा."

गृहस्थ विचारात पडला. म्हणाला, "ही पॅसेंजरखाली घातलेली. मगे एक्स्प्रेसखाली घालून आणू?"

*

परब सरांचा किस्सा विजयदुर्गकडच्या एका जत्रेतला. आरतीचं ताट समोर आलं, आणि त्यात सरांना कडेने चंद्रकोरीसारखा तुकडा उडालेला रुपया दिसला. पत्र्यातून चकत्या कापताना असं होतं. सरांनी दहाची नोट टाकली आणि तो रुपया उचलला. देवाच्या ताटातून मास्तरने पैसे उचलले म्हणून मागे कुजबुज सुरू झाली.

सर घाबरणारे नव्हेत. सगळ्यांसमोर पुजाऱ्याला म्हणाले, "देवाला दहा दिले, एक घेतला. कोणाची तक्रार आहे?"

पुजारी म्हणाला, "माझी नाय. सर, उद्या पण येवा."

*

हसून सोडून देण्यासारखे असे पुष्कळ आहेत. पारू मावशीचा तसा नाही. तो आठवला की अजूनही माझं डोकं तापतं.

पारू मावशी धक्क्यावर मासे विकायची. किनाऱ्यावर हॉटेल असलेला एक शेठ तिच्याकडून रोज सुरमई न्यायचा. एका सकाळी तिने परत दिलेल्या सुट्ट्यांत त्याला एक रुपया असा मिळाला की ज्याच्या एका बाजूला सिंह आणि दुसरी बाजू सपाट कोरी. ना आकडा, ना साल. शेठ सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला, "पारू, खोटे पैसे चालवतंस काय गो?" आणि नाणं वाळूत फेकून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक तिच्या तोंडासमोर सुटे पैसे उलटेपालटे करून बघायला लागलं. तीस वर्षं टोपलीमागे बसलेल्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक अण्णांच्या दुकानात आली आणि शटरखालून वाकून तिने वाळूतून उचललेलं ते नाणं पुढे केलं.

"हो खरो काय खोटो, तितक्यांच सांगा."

अण्णांनी बराच वेळ बघितलं, तोलून बघितलं. "खरो. दोन चकत्यो एकमेकींक चिकटान छापाखाली गेल्यो की असा होता. दोघींका एकेकच बाजू गावता."

"मगे ह्यां त्येच्या तोंडार सांगा."

अण्णा लगेच गेले. शेठने ऐकून घेतलं आणि विचारलं, "घड्याळा सोडून पैसे कधीपासून दुरुस्त करुक लागलास?"

*

मग परब सर नाणं घेऊन बँकेत गेले. हे खरं आहे एवढं लिहून द्या म्हणाले.

कॅशियर म्हणाला, "सर, यावर किंमतच नाही. खरं म्हणून कसं लिहू?"

"मग खोटं आहे असं लिहा."

"तसंही लिहिता येणार नाही. वजन बरोबर लागतंय."

"म्हणजे हे खरंही नाही आणि खोटंही नाही?"

"सर, लंच टाइम झाला."

*

बातमी कशी गेली कोण जाणे, कोल्हापूरचा एक नाण्यांचा व्यापारी येऊन धक्क्यावर उभा राहिला. मावशीने कमरेच्या पिशवीतून खवल्यांसकट नाणं काढलं. त्याने घाईघाईने पांढरे हातमोजे चढवले.

"मावशी, असा हात लावू नका. मूल्य कमी होतं."

"मिया रोज हात लावतंय. कमी झाला तर होवंदे."

त्याने दोन हजार देऊ केले. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, घे. ती माझ्यावरच उखडली. "मी ह्यां इकलंय तर शेठ काय म्हणतलो? पारून खोटो रुपयो खपवल्यान, असाच ना?"

मी व्यापाऱ्यासमोर हात जोडले. व्यापारी हातमोजे काढून गाडीला गेला.

*

शेठच्या हॉटेलात पर्यटकांसाठी लाल डब्याचा फोन होता, एक रुपया टाकून बोलायचा. नंबर फिरवला की पलीकडचा उचलायचा, पण रुपया आत पडेपर्यंत आपला आवाज त्याच्यापर्यंत पोचायचा नाही. वजनात, मापात जरा फरक असला की डबा रुपया खालून परत फेकायचा. वर शेठनेच पाटी लावली होती, 'खोटे नाणे टाकू नये. मशीन घेत नाही.'

पारू मावशी ऐन जेवणाच्या वेळी टोपली घेऊन आत शिरली. मागोमाग आम्ही तिघे. हॉटेल भरलेलं. शेठ गल्ल्यावर.

"सर, हेंच्याच हॉटेलाचो नंबर लावा," ती म्हणाली.

गल्ल्यावरचा फोन वाजला. शेठने सवयीने उचलला आणि "हॅलो, हॅलो" करायला लागला. मावशीने कमरेचा रुपया काढला, चार टेबलांना दिसेल असा वर धरला, सिंहाची बाजू दाखवली, कोरी बाजू दाखवली. दोन हजार रुपये, माझ्या मनात आलं, आणि मला माझीच लाज वाटली. तिने तो फटीत सोडला.

आत खणकन आवाज झाला. खालच्या खाचेत काही आलं नाही. जेवणारे माना वळवून बघत होते.

मावशीने रिसीव्हर तोंडाशी धरला.

"शेठ, पारू बोलतंय. ऐकाक येता काय?"

शेठचा फोन अजून कानालाच होता.

"येता," तो म्हणाला.