तलावाचा ठराव

मोहिनी सरपंच झाली तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला होता, गावच्या तलावातला गाळ काढायचा. हिंगणीच्या पलीकडचं हे गाव. जंगल हाताशी, धरण जवळ, आणि विहिरी मात्र होळीलाच तळ दाखवणाऱ्या. तलावात पाण्यापेक्षा बेशरमाची झुडपंच जास्त. सरकारचा निधी कसाबसा मंजूर झाला होता. आजच्या ग्रामसभेत ठराव झाला नाही, तर तो दुसऱ्या गावाला जाणार होता.

आणि गाव हात वर करायला तयार नव्हतं. तलाव कोणाला नको होता? पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मागच्या सरपंचाच्या काळात टेकडीवर झाडं लावली, फोटो निघाले, हारतुरे झाले आणि वर्षभरात नुसते खड्डे उरले. ती रोपं टेकडीवर पोचवली होती कैलासच्या ट्रॅक्टरनं, भाडं घेऊन. कैलास म्हणजे मोहिनीचा नवरा.

शेवटी म्हातारे तानबा उठले. "सरपंचबाई, तलाव आमाले बी पायजे. पन गाळ वाहीन कोन? पैसा सरकारचा अन् टॅक्टर घरचा, असंच ना?"

सभेत हशा पिकला. मोहिनीची कानशिलं तापली. कैलास मागं भिंतीला टेकून बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता.

"आमच्या घरचा टॅक्टर या कामावर लागनार नाई," ती म्हणाली. "एक खेप बी नाई. ठरावातच लिहून घ्या."

मग तानबांचा हात वर गेला, बायकांचे गेले, बघता बघता सगळ्यांचेच. लोक तिला शाबासकी देत होते. तिनं मागं पाहिलं तेव्हा भिंतीपाशी कोणी नव्हतं.

कैलास घरी ओसरीवर बसला होता. तो ओरडला नाही, याचीच तिला भीती वाटली.

"रागावले काऊन?" ती म्हणाली. "तसं बोलली नसती तं गाव मानलं नसतं."

"बरोबर केलं तू. पन काल घरी मले इचारलं असतं, तं मीच सभेत उठून सांगतलं असतं."

"अन् तुमी नाई म्हनले असते तं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

कैलास ओसरीवरून उठला.

"गावाले माह्यावर भरवसा नवता, ते समजतो मी," तो म्हणाला. "तुले बी नवता."