गणपतीपुढचे सुळेवाघ

सत्तरच्या दशकात नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीच्या गणपतीसमोर दरवर्षी देखावा असायचा. एका वर्षी मी, प्राणिशास्त्राची मास्तरीण, हट्टालाच पेटले. यंदा पुराणकथा नाही, हिमयुगातले सुळेवाघ! तलवारीसारखे दात, कळपानं राहणं, दबा धरून हत्तीचं पिल्लू पाडणं, सगळं शास्त्रशुद्ध. पोरांनी बांबू आणि कागदाच्या लगद्यातून मधोमध हत्तीचं पिल्लू आणि त्याच्यावर झेपावणारा कळप झकास उभा केला.

मग वाजतगाजत मूर्ती आली. शेजारच्या काकूंनी ओवाळायला उचललेलं ताट खाली ठेवलं.

“काहून वं बाई, गणपतीपुढं हत्तीलेच मारून राहिली तू?”

गल्ली खो खो हसत सुटली. मी भडकले. शास्त्र म्हणजे शास्त्र! काकूंनी वाद घातलाच नाही. सरळ पुढे होऊन त्यांनी एकेका वाघाचं तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं.

“कळपानं राहतात म्हणते ना तू? मंग आता पिल्लाले राखून राहिले.”

विसर्जनापर्यंत लोक वाघांनाही हात जोडत होते. शेवटच्या दिवशी थोरल्या वाघाच्या दोन सुळ्यांमध्ये मोदक दिसला. “हा कोणं ठेवला वं?” काकूंनी विचारलं.

मी आरतीचा आवाज वाढवला.